कोना इनला आई-बाबांना घेऊन जावं का?

अवंती_फ्रीमाँट :

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सप्टेंबरपासून आमच्याकडे आले आहेत. बाबा ७६, आई ७१, आयुष्य सगळं कराडला गेलं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस हवाईच्या बिग आयलंडला जायचं ठरलंय, मुक्काम कैलुआ-कोना गावात. एक दिवस ज्वालामुखी, अर्धा दिवस कॉफीचा मळा, एवढं पक्कं आहे. एक दुपार-संध्याकाळ मोकळी ठेवली आहे.

गावात आलिई ड्राइव्हवर समुद्राला लागून कोना इन नावाचं १९२८ सालचं हॉटेल होतं. आता तिथे राहायची सोय नाही, रेस्टॉरंट आणि दुकानं आहेत. ऑफिसमधला एक जण म्हणाला, "वेळ घालवू नका, नुसता बाजार आहे." दुसरी म्हणाली, "सूर्यास्त तिथूनच बघा." आता कोणाचं ऐकायचं?

बाबांचे दोन्ही गुडघे दुखतात. काठी घेऊन अर्धा किलोमीटर चालतात, मग बसायला लागतं. आई मासे खात नाही, आणि भरभर फिरायला तिला अजिबात आवडत नाही. बसायला निवांत जागा मिळाली की ती तासभर गप्प बसून समुद्र बघेल. मोठ्या हौसेने त्यांना आणलंय. नुसत्या दुकानांतून फिरवून परत आणलं तर मलाच वाईट वाटेल. कोणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर सांगाल का?

--

सह्याद्री७ :

आम्ही मागच्या वर्षी मुलांना घेऊन गेलो होतो. खरं सांगायचं तर वीस मिनिटांत बाहेर पडलो. लांबलचक लाकडी बोळ, दोन्हीकडे दुकानं : फुलाफुलांचे शर्ट, दागिने, लाकडी कासवं, आइस्क्रीम. जुनं हॉटेल म्हणून काही वाचायला मिळेल, जुन्या खोल्या बघायला मिळतील असं वाटलं होतं, तसं काही दिसलं नाही. भर दुपारी गेलो, ऊन कडक होतं, मुलं कंटाळली. पार्किंगसाठी दोन फेऱ्या माराव्या लागल्या ते वेगळंच. त्यापेक्षा दक्षिणेला होनाउनाउचं शरणस्थान (जुन्या काळी कायदा मोडलेल्यांना अभय मिळायचं ती जागा) बघा, ते फार सुंदर आहे.

--

हिलोकरीण :

अवंती, जरूर ने. आणि सह्याद्री, तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मीही पहिल्यांदा तशीच फसले होते. रस्त्याकडून आत शिरलं की कोना इनचा बाजारच दिसतो. हॉटेल बघायचं असेल तर त्या बोळातून कुठेही न थांबता सरळ पार व्हायचं, हिरवळीवर यायचं, समुद्राच्या कठड्यापर्यंत जायचं आणि मग मागे वळायचं. इथले लोक दिशा सांगताना उत्तर-दक्षिण फारसं म्हणत नाहीत. डोंगराकडची बाजू ती 'माउका' आणि समुद्राकडची ती 'माकाई'. कोना इन ही माकाई बाजूने बघायची वास्तू आहे.

मी बेटाच्या पूर्वेला, हिलोला राहते. २०१० साली आलो. आमच्याकडे बारा महिने पाऊस, कोनाला बारा महिने ऊन, म्हणून पाहुणे आले की सॅडल रोडने पावणेदोन तास गाडी चालवून कोनाला जायचं हे ठरलेलं. आजवर किती जणांना कोना इनला नेलं त्याची गणती नाही. पण ती जागा मला खऱ्या अर्थाने समजली २०१७ साली, माझ्या वडिलांमुळे. तुझ्या बाबांचा विषय निघाला म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा आमचे वेंगुर्ल्याचे. आम्ही गेलो तेव्हा ७४ वर्षांचे, हातात काठी. रेस्टॉरंटची समुद्राकडची बाजू उघडीच असते, भिंत नाही. त्या कडेला आम्हाला टेबल मिळालं. वेताच्या उंच पाठीच्या खुर्च्या, डोक्यावर संथ फिरणारे पंखे, गडद रंगाचं लाकूड, भिंतीवर पेंढा भरलेला मोठा मार्लिन मासा. समोर हिरवळ, हिरवळीवर माड, माडांच्या पलीकडे काळ्या दगडांवर आपटणारं पाणी. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, इथे एवढ्या आडबाजूला हॉटेल कोणी बांधलं?

मी सांगितलं, इंटर-आयलंड स्टीम नेव्हिगेशन नावाच्या कंपनीने. म्हणजे बोटीची कंपनी. होनोलुलूहून बेटाबेटांना तिच्या आगबोटी जायच्या, माणसं, टपाल, साखर, कॉफी, गुरं सगळं वाहून न्यायच्या. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२७ मध्ये, होनोलुलूच्या वायकिकी किनाऱ्यावर रॉयल हवाईयन हे गुलाबी हॉटेल उभं राहिलं होतं, तेही मॅटसन या जहाज कंपनीचंच. प्रवाशांनी बोटीने यायला हवं असेल तर उतरल्यावर राहायला चांगली जागा हवी, एवढं साधं गणित. कोनाला तेव्हा कॉफीचे मळे, गुरांची मोठी कुरणं आणि मासेमारी. पर्यटक म्हणावेत असे फार कोणी नव्हते. तिथे या कंपनीने समुद्राकाठी हॉटेल काढलं.

बाबा ताठ बसले. "ह्यां हॉटेल बोटवाल्यांनी बांधल्यानी?" मी हो म्हटलं. "मगे बरोबर. माणूस बोटीतसून उतारलो काय तेका पयली आडवा होवक जागा व्हयी."

आणि मग ते बोलायला लागले. लहानपणी काकांबरोबर वेंगुर्ल्याहून मुंबईला बोटीने जायचे. बोट किनाऱ्याला लागायची नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. माणसं पडावात बसून तिच्यापर्यंत जायची. पडाव वर-खाली, बोट आपल्या जागी, मध्ये हातभर काळं पाणी. खलाशी पोराच्या काखेत हात घालून त्याला धरून ठेवायचा, लाट वर आली की त्याच क्षणी शिडीवरच्या माणसाच्या हातात द्यायचा. लाट गेली तर पुढच्या लाटेची वाट बघायची. "त्या येळाक तो खलाशी आपल्याक सोडतलो काय नाय, इतक्याच मनात येय," बाबा म्हणाले. हे सगळं त्यांनी मला उभ्या जन्मात कधी सांगितलं नव्हतं. मी लहानपणापासून एस.टी.ने मुंबईला गेले. बोटीचा प्रवास म्हणजे भाऊचा धक्का आणि 'बोट लागून' आजारी पडलेली आत्या, एवढंच मला ठाऊक.

मी त्यांना कोनाच्या गुरांची गोष्ट सांगितली. हिलोच्या लायब्ररीत एका पुस्तकात तिचे फोटो आहेत. कैलुआच्या या उपसागरात गुरांच्या बोटीही बाहेरच उभ्या राहायच्या. इथले घोडेस्वार गुराखी, त्यांना 'पानिओलो' म्हणतात, घोड्यासकट समुद्रात शिरायचे आणि एकेक जनावर पोहवत होडीपर्यंत न्यायचे. होडीच्या दोन्ही बाजूंना गुरं डोकी वर करून बांधायची, होडी वल्हवत आगबोटीपाशी न्यायची, मग पोटाखाली पट्टा घालून जनावर यारीने वर उचलायचं. फोटोत एक बैल चारही पाय लोंबकळत आकाशात आहे. बाबांना मी फोनवर तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो पुन्हा बघितला आणि म्हणाले, वेंगुर्ल्याला म्हशी अशा चढवलेल्या आठवत नाहीत, पण आंब्याच्या करंड्या चढायच्या त्या अशाच झोळीतून.

त्या दिवशी आम्ही साडेतीनला बसलो ते सहा वाजून गेल्यावर उठलो. कोणी उठवलं नाही. दुकानं बघायची राहूनच गेली.

आता त्या हॉटेलचं पुढे काय झालं ते सांगते, कारण 'मग बंद का पडलं' हे तुझे बाबा विचारतीलच, माझ्या बाबांनी विचारलं होतं. याच बोट कंपनीने १९२९ साली विमान कंपनी काढली, इंटर-आयलंड एअरवेज. ११ नोव्हेंबर १९२९ ला पहिलं उड्डाण, पाण्यावरही उतरू शकणारी सिकोर्स्की विमानं. १९४१ मध्ये तिचं नाव हवाईयन एअरलाइन्स झालं. म्हणजे ज्या कंपनीने बोटीच्या उतारूंसाठी हॉटेल बांधलं तिच्याच विमानांनी पुढे बोटीचे उतारू नेले. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं, जेट विमानं यायला लागली. १९७० मध्ये गावालगतची जुनी धावपट्टी बंद होऊन उत्तरेला लाव्हाच्या पठारावर आत्ताचा विमानतळ सुरू झाला (जुन्या धावपट्टीवर आता लोक सकाळी चालायला जातात). बेटावर पोहण्याचे तलाव, गोल्फ आणि शेकडो खोल्या असलेली मोठी हॉटेलं आली. त्यांच्यासमोर बोटीच्या काळातलं छोटं हॉटेल टिकणार कसं? सत्तरच्या दशकात ते बंद झालं आणि त्याचा बाजार झाला.

मला याचं दुःख होत नाही असं नाही. पण पाडून दहा मजली काही उभं केलं असतं तर हिरवळ गेली असती, आणि ती संध्याकाळ फक्त खोली घेणाऱ्यांची झाली असती. आज हिरवळीवर बसायला काही विकत घ्यावं लागत नाही. गावातली माणसं डबे घेऊन येतात, पोरं पळतात, कोणीतरी युकुलेली वाजवत असतो. मार्च २०११ मध्ये जपानचा भूकंप झाला त्या रात्री इथे भोंगे वाजले, आम्ही हिलोत रात्रभर उंचावर जाऊन बसलो होतो. त्या वेळी कोनाच्या किनाऱ्यावर पाणी रस्ता ओलांडून दुकानांत शिरलं, शेजारच्या हुलिहेए राजवाड्याच्या तळघरातही गेलं. काही आठवड्यांनी आम्ही गेलो तेव्हा लोक पाण्याच्या खुणा घासून काढत होते, आणि हिरवळीवर नेहमीसारखी माणसं बसली होती.

बाकी खाणंपिणं, चालणं याबद्दल विचार, सांगते.

--

अवंती_फ्रीमाँट :

ताई, तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत, मी आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनी मधेच थांबवून खलाशाचा भाग पुन्हा वाचायला लावला. आता जायचं नक्की.

तर विचारतेच. किती वाजता पोचावं? गाडी कुठे लावली तर बाबांना कमी चालावं लागेल? आईने खावं असं काय मिळेल? आणि आईला दम्याचा थोडा त्रास आहे, ज्वालामुखीच्या धुराचं ऐकलंय, ते कोनाला असतं का?

--

हिलोकरीण :

अवंती, एकेक सांगते.

वेळ : नोव्हेंबरच्या मध्यावर कोनाला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. साडेतीनपर्यंत पोच. दुपारनंतर मागच्या हुआलालाई डोंगरावर ढग साचतात, त्यामुळे किनाऱ्यावर ऊन मऊ होतं. पाण्याकडे ढग नसले तर सूर्य थेट समुद्रात बुडताना दिसतो. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि मोठे डोंगर नेहमीचा वारा अडवतात, म्हणून इथला समुद्र बेटाच्या इतर बाजूंपेक्षा शांत. याच शांत आणि काठालगत खोल होत जाणाऱ्या पाण्यामुळे मार्लिनची शिकार करणारे इथे जमायला लागले, १९५९ पासून मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. भिंतीवरचा मासा दिसला की बाबांना हे सांग.

गाडी : धक्क्यापाशी लावून चालत येऊ नका, बाबांना जड जाईल. त्यांना आणि आईला कोना इनच्या दारात उतरव, कोणीतरी एकाने गाडी मागच्या गल्लीतल्या पैसे भरायच्या जागेत लावावी. सुटे पैसे आणि कार्ड दोन्ही जवळ ठेव. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आलिई ड्राइव्ह गाड्यांना बंद असतो, लोक रस्त्यावर फिरतात, राजवाड्याच्या अंगणात गाणं असतं. तुमचा दिवस तो आला तर फार छान, पण गाडी लांब लावावी लागेल, आधी बघून ठेव.

चालायचं असेल तर फक्त दोन गोष्टी, दोन्ही पाच मिनिटांच्या आत. कोना इनच्या शेजारीच माकाई बाजूला हुलिहेए राजवाडा, १८३८ सालचा, लाव्हाच्या दगडाचा. समोर माउका बाजूला मोकुआइकाउआ चर्च, १८३७ मध्ये पुरं झालेलं. त्याच्या दगडी भिंतींचा चुना प्रवाळ भाजून केलेला आहे. माझे बाबा भिंतीला हात लावून म्हणाले, आपल्याकडे शिंपल्यांचा, इकडे प्रवाळाचा, समुद्र देईल तेच माणूस वापरणार. राजवाड्यात राजकन्या रुथची हकिगत ऐका. एवढा दगडी वाडा नावावर असून ती झोपायची अंगणातल्या गवताच्या झोपडीत, आपल्या माणसांच्या रीतीने. तुझ्या आईला ही बाई आवडेल असं मला उगाच वाटतं. दोन्ही ठिकाणं उघडी आहेत का, वार बघून जा.

खाणं : मासे खाणाऱ्यांसाठी चैन आहे. 'ओनो' मिळाला तर तो घ्या, हा आपल्या सुरमईच्या कुळातला, पांढरा घट्ट मासा. 'आही' म्हणजे आपला कुपा. आईसाठी मात्र मी जेवणाची भिस्त तिथे ठेवणार नाही. सॅलड, बटाटा, ब्रेड असं काहीतरी मिळतं, पण पोटभर नाही. दुपारी खोलीवर वरणभात खाऊन निघा आणि तिथे आईसाठी फळांचा रस, आइस्क्रीम मागवा. जवळच रस्त्याकाठी फळांचा बाजार भरतो, तिथली पपई आणि छोटी आंबटगोड केळी घेऊन ठेव. केळी बघून आई खूश होईल, अगदी आपल्या वेलचीसारखी लागतात.

धूर : हो, हे महत्त्वाचं. किलाउएआ ज्वालामुखी धुमसत असला की त्याचा वायू वाऱ्याबरोबर बेटाला वळसा घालून कोनाच्या बाजूला साचतो. इथे त्याला 'व्हॉग' म्हणतात. त्या दिवशी क्षितिज धुरकट दिसतं आणि सूर्य बराच वर असतानाच लाल होतो. आईचा पंप पर्समध्ये ठेव, सकाळी हवेचा आकडा बघ, आणि खूपच असेल तर बेत दुसऱ्या दिवसावर ढकल.

एक कॉफीबद्दल. पहिल्या वर्षी मी या भागातल्या एका दुकानातून मोठ्या अक्षरात 'कोना' लिहिलेली पाच पाकिटं घेतली आणि भारतात सगळ्यांना वाटली. नंतर कळलं की ते 'ब्लेंड' होतं. त्यात कोनाची कॉफी फक्त १० टक्के असली तरी इतकी वर्षं कायद्याला चालायचं. ज्यांना दिली त्यांना मी किती कौतुकाने सांगितलं होतं! मनाला फार लागलं. '१०० टक्के कोना' असं छापलेलं असेल तरच घे, किंवा मळ्यावरूनच घे. इथल्या उतारावर १८२८ पासून कॉफी आहे, लहान लहान मळे, हाताने तोडणी. त्या माणसांचा पैसा त्यांनाच मिळायला हवा.

आणि माडांकडे एकदा वर बघा. नारळ नसतात. माणसांच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून कोवळे असतानाच काढून टाकतात. माझ्या बाबांना त्या संध्याकाळी एवढीच एक गोष्ट खटकली. सगळे माड त्यांनी एकेक करून बघितले आणि म्हणाले, "पोराबाळांशिवायची घरां दिसतत."

--

वास्तुवेडा :

फार सुंदर लिहिलंय, हिलोकरीण. एक भर घालतो. कोना इनचे वास्तुविशारद चार्ल्स विल्यम डिकी. हवाईच्या हवेला शोभेल असं घर कसं असावं याचा त्यांनी आयुष्यभर विचार केला. चहूबाजूंनी उतरतं, वर जास्त चढाचं आणि वळचणीला येताना सपाट होत जाणारं छप्पर त्यांनी इतक्या ठिकाणी वापरलं की त्याला इथे आजही 'डिकी रूफ' म्हणतात. खालची लांब वळचण ऊन आणि पाऊस अडवते, भिंती उघड्या ठेवता येतात. पडवी असलेल्या कौलारू घरात जो वाढला त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. इथे पडवीला 'लनाई' म्हणतात. दुकानांसमोरच्या त्या लांब बोळातून जाताना दुकानांच्या पाट्यांकडे न बघता वर छताकडे आणि खांबांकडे बघत जा. प्रवासी बॅग घेऊन आपल्या खोलीकडे जातोय असं मनात आणलं की त्या लांबीचा अर्थ लागतो. सह्याद्री, पुढच्या वेळी मुलांना हाच खेळ द्या : खोली कुठे सुरू होत असेल आणि कुठे संपत असेल ते ओळखा.

--

सह्याद्री७ :

पटलं. आम्ही हिरवळीपर्यंत गेलोच नाही हे आता लक्षात आलं. आइस्क्रीमच्या दुकानापासूनच परत फिरलो होतो. पुढच्या वेळी साडेतीननंतर जाऊ.

--

अवंती_फ्रीमाँट :

काल रात्री परत आलो. सामान अजून तसंच पडलंय, पण आधी इथे लिहिते.

गुरुवारी गेलो. सकाळी हवा स्वच्छ होती, आईला काही त्रास झाला नाही. ताईंनी सांगितलं तसं दोघांना दारात उतरवलं, बोळातून सरळ पार झालो. आई दोनदा थांबली, एकदा लाकडी डाव बघायला आणि एकदा नुसतीच. हिरवळीवर आल्यावर मी म्हटलं, आता मागे वळून बघा. बाबांनी काठीवर दोन्ही हात ठेवून बघितलं. म्हणाले, "म्हणजे बोटीतून उतरून चालत आलेल्या माणसाला हे असं दिसलं असेल." मी काहीच बोलले नाही.

कडेचं टेबल लगेच मिळालं नाही, पाऊण तास थांबावं लागलं, तोवर कठड्यावर बसलो. खाली काळ्या खडकांत दोन कासवं शेवाळ खात होती. लाट आली की पूर्ण झाकली जायची, गेली की पुन्हा तिथेच. आई त्यांच्यावरून नजर काढेना. टेबल तयार झालं म्हणून बोलवायला आले तर म्हणाली, "तुम्ही जा, मी येते." शेवटी तिच्यासाठी रस बाहेरच आणून दिला. बाबांनी ओनो खाल्ला. कराडच्या माणसाला समुद्राच्या माशाचं फारसं कौतुक नसतं, पण ताटात काही उरलं नाही. मार्लिनची हकिगत मी सांगितली, ती त्यांनी शेजारच्या टेबलवरच्या आजोबांना त्यांच्या इंग्रजीत पुन्हा सांगितली.

सूर्य ढगात गेला. बुडताना दिसला नाही, फक्त ढगांच्या कडा बराच वेळ पेटलेल्या होत्या. चर्च बंद होतं. राजवाडा बघायला मिळाला. राजकन्या रुथची गोष्ट ऐकून आई म्हणाली, "शहाणी बाई. दगडाच्या घरात उन्हाळ्यात झोपून बघा म्हणावं." ताई, तुमचा अंदाज बरोबर निघाला. आता घरातही खिडकीजवळच्या खुर्चीला ती 'माकाईची खुर्ची' म्हणायला लागली आहे. आमच्या खिडकीतून समुद्र नाही, पार्किंग दिसतं.

आणि हे तुमच्या बाबांसाठी. माझ्या बाबांनी निघताना हिरवळीवरचा एकेक माड बघितला. एका माडाला, अगदी वर, पात्यांच्या आत, तीन कोवळे नारळ राहिले होते. काढणाऱ्याच्या नजरेतून सुटले असावेत. कृपा करून त्यांना सांगा.

--

हिलोकरीण :

आत्ताच फोन केला होता वेंगुर्ल्याला. तुझं सगळं वाचून दाखवलं. नारळांचं ऐकून थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, "खयच्या माडार? दर्याच्या बाजूच्या काय?"

अवंती, जरा बाबांना विचारून सांग.